आईला 'वयामुळे कमी दिसतं' असं दोन वर्षं समजत होतो. मॅक्युलाचा ऱ्हास नेमका किती जणांना होतो?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज बसलेच.

आई ७४ वर्षांची. गाव सातारा जिल्ह्यात, मी पुण्यात. मागच्या दिवाळीला घरी गेले तेव्हा ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. सूप मांडीवर, पण मान एका बाजूला वळवलेली, कोणाची चाहूल घेत असावी तशी. मी विचारलं, "मान आखडलीय का गं?" तर म्हणाली, "नाही गं. सरळ बघितलं की खडा दिसत नाही, तिरकं बघितलं की सापडतो." मी सूप तिच्या हातातून घेतलं, बाकीचे तांदूळ निवडून दिले आणि विषय तिथेच सोडला. या गोष्टीची टोचणी अजून जात नाही.

जानेवारीत तिचा फोन आला. यंदाचं कालनिर्णय नीट छापलेलं नाही म्हणाली. चौकोनांच्या रेघा मध्येच वाकल्यात, आणि ज्या तारखेकडे बघावं तीच पुसट. भिंतीवर त्याच खिळ्याला तीस वर्षं कालनिर्णय लागतंय, आणि दूध, गॅस, भिशी सगळं ती त्यावरच लिहिते. मग मात्र मी शनिवारी जाऊन तिला पुण्याला घेऊन आले.

त्याआधी दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात तिला तपासलं होतं. 'मोतीबिंदू सुरू झालाय, पिकला की काढू' एवढंच सांगितलं गेलं, आणि आम्ही सगळे मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसलो. पुण्यात पडद्याच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली, ओसीटी नावाचं स्कॅन काढलं आणि मला आत बोलावलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजून गेलेला, तो जुना आजार. डाव्या डोळ्यात त्याच आजाराचा 'ओला' प्रकार नुकताच सुरू झालेला. उजव्याचं काम इतके दिवस डावाच निभावत होता, म्हणून तिलाही कळलं नाही आणि आम्हालाही.

आजाराचं नाव एज-रिलेटेड मॅक्युलर डीजनरेशन, म्हणजे वयामुळे पडद्याच्या या मधल्या भागाचा, मॅक्युलाचा, होणारा ऱ्हास. सगळे एएमडी म्हणतात. डॉक्टर म्हणाले, असे पेशंट आम्ही रोज बघतो. पण आमच्या अख्ख्या भावकीत हे नाव कोणी ऐकलेलं नाही. मोतीबिंदू सगळ्यांना माहीत, काचबिंदू माहीत, साखरेने पडदा खराब होतो हेही माहीत. मग हा आजार रोज बघण्याइतका असेल तर तो आपल्याला दिसत का नाही? किती म्हाताऱ्या माणसांना असतो? तुमच्या घरी कोणाला आहे का?

—

तिन्हीसांज

रानजाई, आईंची काळजी घ्या. आमच्या सासऱ्यांना होता. ते गेले तेव्हा ८३ वर्षांचे होते.

त्यांचं एक सांगते. रोज संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर जायचे. हळूहळू लोक म्हणायला लागले, अण्णा हल्ली ओळख देत नाहीत, समोरून गेलो तरी बोलत नाहीत. एका जुन्या मित्राने तर मनात धरलं. प्रकार असा होता की अण्णांना रस्ता दिसायचा, खड्डा दिसायचा, लांबून येणारी रिक्षा दिसायची, फक्त समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही. चेहऱ्याच्या जागी करडा डाग. आवाज आला की लगेच ओळखायचे. जो माणूस काठी न घेता चालतो त्याला चेहरा दिसत नाही यावर कोणाचा विश्वास बसेना. आमचाही नव्हता.

शेवटी सासूबाई त्यांच्याबरोबर जायला लागल्या. कोणी समोर आलं की हळूच नाव सांगायच्या.

—

आकडेमोड

ताई, प्रश्न अगदी नेमका विचारलात. सार्वजनिक आरोग्याच्या सर्वेक्षणांची आकडेवारी हे माझं कामच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

'किती जणांना' याचं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं: कोणत्या वयाच्या लोकांना मोजलं, आजाराची कोणती पायरी मोजली, आणि पडद्याचा फोटो काढून मोजलं की नुसतं दिसतं का ते विचारून. हे तीन प्रश्न न विचारता आकडा उचलला की गोंधळ होतो.

आधी जगाचा आकडा. २०१४ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात एक मोठा आढावा आला. ३९ अभ्यास आणि सव्वा लाखाहून जास्त माणसं त्यात एकत्र केली होती. ४५ ते ८५ वयोगटात कोणत्याही पायरीवरचा एएमडी ८.६९ टक्के लोकांमध्ये निघाला. त्यातला उशिराच्या पायरीचा, म्हणजे खरोखर नजर घेणारा, फक्त ०.३७ टक्के. २०२० मध्ये जगात १९.६ कोटी आणि २०४० मध्ये २८.८ कोटी रुग्ण असतील असा अंदाज त्यात होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टी अहवालातही साधारण तेवढाच, १९.५६ कोटींचा आकडा आहे. त्यातल्या सुमारे १.०४ कोटी लोकांची नजर मध्यम किंवा त्याहून जास्त अधू झालेली होती.

हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघा. बाकीचे जे अठरा-साडेअठरा कोटी आहेत त्यांच्या पडद्याखाली पिवळे ठिपके साचलेत, ज्यांना ड्रुसेन म्हणतात, पण त्यांचं वाचन, शिवण, पैसे मोजणं अजून चालू आहे. आपल्याला काही झालंय हे त्यातल्या बहुतेकांच्या गावीही नसतं. ताई, 'हा आजार आपल्याला दिसत का नाही' याचं अर्धं उत्तर मला इथेच सापडतं.

आता भारत. आंध्र प्रदेशातल्या मोठ्या नेत्र सर्वेक्षणात चाळिशीपुढच्या १.८२ टक्के लोकांत एएमडी सापडला. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या सर्वेक्षणात सुरुवातीचा २.७ आणि उशिराचा ०.६ टक्के. आणि साठीपुढच्याच लोकांवर केलेला, उत्तर आणि दक्षिण भारतातल्या गावांतला इंडआय नावाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उशिराच्या पायरीचा आजार १.२ टक्के होता.

—

कृष्णाकाठ

आकडेमोड, माहितीबद्दल आभार. पण १.२ टक्के म्हणजे कमीच झालं की. शंभरातला एक. मग डॉक्टर 'रोज बघतो' म्हणतात ते कसं?

माझे वडील ७९ चे आहेत, सांगलीत असतात. पेपर वाचायचा सोडलाय. विचारलं तर म्हणतात पेपरात आता वाचण्यासारखं काही येत नाही. हा धागा वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय.

—

आकडेमोड

कृष्णाकाठ, १.२ ही सरासरी आहे आणि या आजारात सरासरीने फार फसगत होते. त्याच इंडआय अभ्यासात ६० ते ६४ वयाच्या लोकांत उशिराचा एएमडी ०.४ टक्के होता आणि ऐंशीच्या पुढे ४.६ टक्के. म्हणजे वीस वर्षांत दहापटीहून जास्त. वयाबरोबर एवढ्या वेगाने चढणारे आजार थोडेच आहेत.

आता लोकसंख्येने गुणू. सरकारच्याच अंदाजानुसार २०२१ मध्ये देशात साठीपुढचे १३.८ कोटी लोक होते. त्यांचे १.२ टक्के म्हणजे साधारण साडेसोळा लाख. हा हिशेब माझा, ढोबळ, गावांतला दर सगळीकडे लावून केलेला. पण शंभरातला एक म्हणजे किती माणसं होतात ते यावरून लक्षात यावं.

आणि एक. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू होतं. त्या डोंगरामागे बाकी सगळं झाकलं जातं. जिथे मोतीबिंदूची ऑपरेशनं वेळेवर होतात तिथे अंधत्वाच्या यादीत एएमडी वर सरकतो, कारण गढूळ भिंग बदलता येतं, झिजलेला पडदा बदलता येत नाही.

वडिलांना दाखवून घ्या. पेपर सोडणं ही साधी गोष्ट नाही.

—

विदर्भवासी

महाराष्ट्रातलाही एक अभ्यास आहे, त्याचा उल्लेख व्हायला हवा. नागपूरपासून साधारण ४० किलोमीटरवरच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' झाला. तिशीपुढच्या ५,८८५ लोकांपैकी ४,७११ जण तपासणीला आले. शेतीच्या कामाचे दिवस सोडून माणसं डोळे तपासायला येतात, हा आकडा मला फार मोठा वाटतो. त्यात एएमडीचा सुरुवातीचा प्रकार बऱ्यापैकी सापडला, उशिराचा फारच थोडा. पण तिशीपासूनचे लोक धरले की म्हाताऱ्यांचं प्रमाण त्यात विरून जातं, हे आकडेमोड यांनी वर सांगितलंच आहे.

—

सिडनीकर

मी इथे वृद्धसेवेत काम करते. सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्स म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथे १९९२ ते १९९४ मध्ये ४९ वर्षांपुढच्या ३,६५४ लोकांचे डोळे तपासले होते. उशिराचा एएमडी एकूण १.९ टक्के. पंचावन्नच्या आत एकही नाही, आणि पंच्याऐंशीच्या पुढे १८.५ टक्के. जवळजवळ पाचातला एक.

आमच्या केंद्रात हे डोळ्यांनी दिसतं. जेवणाच्या टेबलावर बारा जणी बसल्या की दोघींना तरी ताटात काय कुठे आहे ते सांगावं लागतं. आम्ही घड्याळाच्या काट्यांसारखं सांगतो: भात सहावर, भाजी तीनवर. मी हेच माझ्या आईला नाशिकला फोनवर शिकवलं, तिच्या शेजारच्या आजींसाठी. डावीकडे मीठ-लिंबू, उजवीकडे भाजी ही आपली ताट वाढायची रीत अशा माणसाला किती उपयोगाची आहे हे मला इथे आल्यावर कळलं. सगळं ठरल्या जागी असलं की हात आपोआप जातो. ताटातली जागा बदलू नका.

युरोपीय वंशाच्या लोकांत या आजाराचं एकूण प्रमाण आशियाई लोकांपेक्षा जास्त आहे. मात्र आपल्याकडचे लोकही आता पंच्याऐंशीपर्यंत जगतात, एवढंच म्हणते.

—

चष्मेघर

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, सोलापुरात अठरा वर्षं चष्मे तपासतोय. दुकानातलं सांगतो.

आजोबा येतात, 'नंबर वाढलाय, नवा चष्मा दे' म्हणतात. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा. भिंगं बदलून बघितली तरी अक्षर सुधारत नाही. अशा वेळी नवा चष्मा विकणं मला जमत नाही, मी पडद्याच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतो. घरचे नाराज होतात, 'एक चष्मा द्यायला काय हरकत आहे' म्हणतात. पण नुकसान भिंगामागच्या पडद्यात असेल तर माझी काच काय करणार?

पडद्याच्या बरोबर मध्ये सुमारे साडेपाच मिलिमीटरचा एक भाग असतो, तो मॅक्युला. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा घालणं, सगळं तिथून चालतं. कडेची नजर पडद्याच्या बाकीच्या भागातून येते. म्हणून हा आजार झालेला माणूस एकट्या एएमडीने ठार आंधळा होत नाही, घरात वावरतो, पण नोट शंभराची की पाचशेची ते ओळखत नाही. रानजाईताईंच्या आईंनी मान तिरकी करून खडा शोधला, ते त्यांनी स्वतःच शोधून काढलेलं तंत्र आहे. मधला भाग निकामी झाला की शेजारच्या चांगल्या भागाने बघायचं. अधू दृष्टीच्या केंद्रांत हेच मुद्दाम शिकवतात.

प्रकार दोन. कोरडा आणि ओला. दहातल्या साधारण नऊ रुग्णांना कोरडा असतो, तो वर्षानुवर्षं हळूहळू झिजवतो. ओल्यात पडद्याखाली नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, त्या पाझरतात, त्यातून रक्त येतं आणि नजर काही आठवड्यांत ढासळू शकते. सरळ रेघ वाकडी दिसणं ही त्याची ओळख. ताई, तुमच्या आईंचं कालनिर्णय वाकडं झालं ते याच्यामुळे. अशा वेळी 'पुढच्या महिन्यात बघू' चालत नाही. त्याच आठवड्यात डॉक्टर.

घरी बघायचं असेल तर अॅम्सलर ग्रिड नावाचा कागद मिळतो. स्विस डॉक्टर मार्क अॅम्सलर यांच्या नावाचा, दहा सेंटिमीटरचा चौकोन, आत पाच-पाच मिलिमीटरची घरं, मध्ये एक ठिपका. जवळचा चष्मा लावायचा, एक डोळा तळहाताने झाकायचा, ठिपक्याकडे बघायचं, आणि भोवतीच्या रेघा सरळ आहेत का, कुठलं घर गायब आहे का ते सांगायचं. मग दुसरा डोळा. कागद नसेल तर न्हाणीघराच्या फरशा, खिडकीचे गज, दाराची चौकट, काहीही चालतं. मुख्य गोष्ट एकच: एका वेळी एकच डोळा. दोन्ही उघडे ठेवून केलं तर चांगला डोळा वाईटाला झाकतो आणि तपासणी फुकट जाते.

ग्रिडवर सगळं सरळ दिसलं म्हणजे आजार नाही असं मात्र समजू नका. सुरुवातीचे ठिपके थेंब घालून पडदा बघितल्यावरच सापडतात.

—

वाटसरू

फार चांगला धागा. एक विचारू का? आमच्या मामींना एकाने 'डोळ्यांच्या गोळ्या' सुरू केल्यात, महिन्याला बराच खर्च होतो. त्याने हा आजार बरा होतो का? आणि मामा रोज पाकीटभर सिगरेट ओढतात, त्यांनाही त्याच गोळ्या देऊ का असं मामी विचारतात.

—

मोगरा_डॉक

वाटसरू, मी नेत्रतज्ज्ञ आहे. मामांना त्या गोळ्या देऊ नका, निदान डबीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तरी.

अमेरिकेत एरेड्स नावाची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २००१ मध्ये आला. क आणि ई जीवनसत्त्व, जस्त, तांबं आणि बीटा कॅरोटीन अशा ठरलेल्या मात्रेने, मधल्या पायरीवरच्या रुग्णांचा आजार पुढे सरकण्याचा धोका पाच वर्षांत साधारण २५ टक्क्यांनी कमी झाला. पण धूम्रपान करणाऱ्यांत बीटा कॅरोटीनने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे वेगळ्या चाचण्यांतून दिसलं होतं. म्हणून २०१३ च्या दुसऱ्या एरेड्स चाचणीत त्याच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटिन आणि २ मिलिग्रॅम झिॲझँथिन आलं. आज ज्या गोळ्या लिहून देतो त्या या धर्तीच्या.

या गोळ्यांनी गेलेली नजर परत येत नाही. ज्यांना आजारच नाही त्यांना तो होऊ नये म्हणूनही त्या उपयोगाच्या ठरलेल्या नाहीत. मामींचा आजार कोणत्या पायरीवर आहे ते आधी कळायला हवं. मामांसाठी गोळीपेक्षा सिगरेट सोडणं कितीतरी मोठं औषध आहे. वय आणि अनुवंश आपल्या हातात नाहीत. जे हातात आहे त्यात धूम्रपान सगळ्यात वर येतं, ओढणाऱ्यांत हा आजार दोन ते चार पटींनी जास्त दिसतो. पालेभाज्या, मासे, रक्तदाब ताब्यात ठेवणं हे त्याच्या खालोखाल.

—

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. चष्मेघर, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिरकं बघणं हे तंत्र आहे म्हटल्यावर ती खुलली. "मग मी बरोबर करत होते" म्हणाली.

आईच्या डाव्या डोळ्यातल्या ओल्या प्रकारावर उपचार म्हणून डोळ्यातच इंजेक्शनं घ्यायला सांगितली. त्याबद्दल लिहिते, कारण त्या शब्दानेच लोक घाबरून परत जातात. डोळ्यात सुई हे ऐकून आईला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. आमचे काका म्हणाले, या वयात कशाला छळता तिला.

प्रत्यक्षात असं झालं. आधी बधिर करणारे थेंब, तीन-चार वेळा. मग तपकिरी जंतुनाशकाने डोळा आणि पापण्या धुतल्या, चेहऱ्यावर हिरवं कापड, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून छोटी क्लिप. बुबुळाला हातही लावत नाहीत, बाजूच्या पांढऱ्या भागातून सुई जाते. काही सेकंद. आई बाहेर येऊन म्हणाली, "क्लिपचाच त्रास झाला, सुई कळलीसुद्धा नाही." दुसऱ्या दिवशी पांढऱ्यावर लाल डाग होता, आठवड्यात गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं की दुखणं वाढलं, नजर आणखी धूसर झाली तर रात्र असली तरी फोन करा. तसं काही झालं नाही.

आधी महिन्याच्या अंतराने तीन घ्यायची, मग स्कॅन बघून अंतर वाढवायचं. दोन झालीत. खर्चाचं कोणी सांगेल का? एक औषध दुसऱ्याच्या कितीतरी पटींनी महाग आहे. आम्ही स्वस्तातलं निवडलं आणि आपण आईच्या डोळ्यावर पैसे वाचवतोय का, असं मनात येत राहतं.

—

मोगरा_डॉक

ताई, ते मनातून काढून टाका. रॅनिबिझुमॅब हे खास डोळ्यासाठीचं औषध अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झालं. त्याआधी ओल्या प्रकारात नजर जाताना बघत बसण्यापलीकडे आम्हाला फारसं काही करता येत नव्हतं. बेव्हॅसिझुमॅब मूळचं आतड्याच्या कर्करोगासाठीचं, त्यातला अगदी थोडा अंश डोळ्यासाठी वापरतात, म्हणून स्वस्त पडतं. दोन्हींची समोरासमोर तुलना करणाऱ्या कॅट या अमेरिकी चाचणीचा निकाल २०११ मध्ये आला आणि वर्षभरानंतर नजरेतला फायदा दोन्हींत सारखाच निघाला. स्वस्त औषधात बघायचं ते हे की मोठ्या बाटलीतून छोटे डोस निर्जंतुक जागेत भरलेले आहेत ना. ते डॉक्टरांना खुशाल विचारा. शिवाय २०१५ पासून रॅनिबिझुमॅबची भारतीय कंपनीने बनवलेली आवृत्तीही आपल्याकडे मिळते.

औषधाच्या नावापेक्षा तारखा पाळणं जास्त महत्त्वाचं आहे. 'आता बरं दिसतंय' म्हणून तिसरं इंजेक्शन चुकवणारे रुग्ण सहा महिन्यांनी परत येतात, तेव्हा पडद्यावर व्रण बसलेला असतो आणि व्रणावर औषध नाही. ज्येष्ठांना एकटं येता येत नाही, मुलाला सुट्टी नसते, ऊसतोड चालू असते, लग्न निघतं. तारखा अशा कारणांनी चुकतात. पुढच्या तारखा आजच कालनिर्णयावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

—

बकुळ

हे लिहू की नको असं चाललं होतं. इथे सगळे मनापासून बोलताय म्हणून लिहिते.

माझ्या आजीला, वय ८८, दोन्ही डोळ्यांना हाच आजार आहे. तिला अंगणात मुलं दिसतात. रंगीत टोप्या घातलेली, बुटकी, रांगेत उभी. कधी भिंतीवर वेलबुट्टी दिसते. बोलत नाहीत, त्रास देत नाहीत. आजीला माहीत आहे की ती खरी नाहीत. तिने हे आठ महिने कोणालाच सांगितलं नाही, शेवटी एका रात्री मला सांगितलं. आत्याला कळल्यावर ती म्हणाली बाहेरची बाधा आहे, अंगारा आणला. वडिलांना वाटतं स्मृतिभ्रंश सुरू झाला. आजीचं बाकी सगळं लख्ख आहे. एकादशी कधी, कोणाकडे किती वाटे करंज्यांचे गेले, सगळं पाठ.

—

मोगरा_डॉक

बकुळ, आजींना माझा नमस्कार सांगा आणि पुढचं त्यांच्याजवळ बसून वाचून दाखवा.

याला शार्ल बॉने सिंड्रोम म्हणतात. जिनिव्हाच्या शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांचं असंच वर्णन लिहून ठेवलं. नजर गेलेल्या त्या आजोबांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या आणि बुद्धी शाबूत होती. डोळ्याकडून येणारी चित्रं कमी झाली की मेंदूचा बघणारा भाग रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं तयार करतो. रंगीत टोप्या, बुटकी माणसं, वेलबुट्टी, जाळी, हे सगळं अगदी नेहमीचं. वेड नव्हे, बाधा नव्हे. ही खरी नाहीत हे आजींना कळतंय, आवाज येत नाहीत आणि बाकीची स्मृती चोख आहे, या तिन्ही गोष्टी त्याच बाजूच्या आहेत. तरी एकदा डॉक्टरांना हे सगळं सांगा, औषधांची यादीही दाखवा, म्हणजे दुसरं कारण राहत नाही.

मुलं दिसली की दिवा लावायचा, डोळे दोन-चार वेळा इकडून तिकडे फिरवायचे, उठून जागा बदलायची. बऱ्याचदा चित्र विरतं. रुग्ण हे लपवतात, आम्ही विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मी आता प्रत्येकाला स्वतःहून विचारते.

—

बकुळ

वाचून दाखवलं. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या बॉनेच्या आजोबांना पण पोरं दिसायची होय." रात्री नीट झोपली.

—

चष्मेघर

एक राहिलं होतं. चष्म्याने किंवा इंजेक्शनने ज्यांचं पुढे काही होणार नाही त्यांच्यासाठी अधू दृष्टीची साधनं असतात. दिव्याचं भिंग, स्टँडवरचं भिंग, फोनवर अक्षर मोठं करणं, पोथी वाचून दाखवणारी अॅपं. घरात उजेड वाढवा, पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लावा, दूध काळ्या कपात आणि चहा पांढऱ्या कपात द्या म्हणजे किती भरलंय ते कळतं. नजर ठरावीक मर्यादेखाली गेली असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अधू दृष्टीचाही समावेश आहे, जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी तपासून घेता येतं. म्हाताऱ्यांसाठी हे करायचं असतं हेच घरच्यांच्या लक्षात येत नाही.

—

कृष्णाकाठ

वडिलांना घेऊन आलो. आधी घरीच न्हाणीघराच्या फरशा दाखवल्या, एकेक डोळा झाकून. उजव्या डोळ्याने "सगळ्या सरळ". डावा उघडा ठेवला तर थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मधल्या चार फरशा नाहीत."

डॉक्टरांनी कोरडा प्रकार सांगितला, डाव्यात पुढे गेलेला, उजव्यात मधल्या पायरीवर. एरेड्सच्या धर्तीच्या गोळ्या दिल्यात आणि उजव्या डोळ्यासाठी घरी ग्रिड बघायला सांगितलंय. येताना गाडीत म्हणाले, "पेपरात वाचण्यासारखं येतं रे. मलाच ओळ सापडत नव्हती." आता मी सकाळी फोनवर अग्रलेख वाचून दाखवतो. मधेच थांबवून ते वाद घालतात.

—

रानजाई

कृष्णाकाठ, वाचून डोळे भरून आले. बाबांना नमस्कार.

आईचं तिसरं इंजेक्शन काल झालं. स्कॅनमध्ये पडद्याखालचं पाणी ओसरलंय. डाव्या डोळ्याने तक्त्यावर दोन ओळी जास्त वाचल्या. उजव्याचं जे गेलं ते गेलं, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि आईने शांतपणे ऐकून घेतलं.

आजार घराण्यात चालतो हे कळल्यावर मावशीलाही नेलं, वय ६८, काहीच तक्रार नाही, अजून गोधड्या शिवते. दोन्ही डोळ्यांत ठिपके निघाले, सुरुवातीची पायरी. आता वर्षातून एकदा पडदा तपासायचा आहे. आकडेमोड, तुमच्या त्या अठरा कोटींत आमची मावशी होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

आईने काल घरी आल्यावर कालनिर्णयासमोर उभं राहून एकेक डोळा झाकून बघितलं. डाव्याने रेघा "पुष्कळ सरळ" आहेत म्हणाली, फक्त एकादशीच्या चौकोनाजवळ अजून थोडा बाक आहे. पुढची तारीख तिने स्वतःच्या हाताने लाल पेनाने लिहिलीय, चौकोनाच्या थोडी बाहेर गेलीय.